अडलंय काय, ते आधी विचारा

(सोलापुरात फिजिओथेरपीचे विद्यार्थी आणि नागरिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, रुग्णाला फिजिओथेरपीचं मोल कसं पटवायचं. त्याकडे येतेच. पण आधी एका अक्कांबद्दल बोलू द्या, कारण हे सगळं मला त्यांच्यामुळे सुचलं.

अक्का विडी वळायच्या. आपल्या शहराच्या पूर्वभागातून, विडी कामगारांच्या वस्तीतून आलेल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. मांडीवर सूप, पुढ्यात पानं नि तंबाखू, मान खाली, आणि हजार पुरे होईपर्यंत बैठक मोडायची नाही. वय पन्नाशीपुढचं, साखर जुनी, उजवा खांदा धरलेला. चाळिशी ते साठीत हा फ्रोझन शोल्डर होतो आणि मधुमेह असणाऱ्यांना जास्त. सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं, आक्रसतं. अक्का आल्या त्या एकच मागणी घेऊन, "शेक द्या, मशीन लावा."

मशीनशी माझं वैर नाही. शेकानं बरं वाटतं, मशीनच्या विजेच्या हलक्या करंटनं थोडा वेळ कळ थांबते. पण वीस मिनिटं पडून राहायचं, पैसे द्यायचे आणि घरी जायचं, ही सवय आपल्याच क्षेत्रानं लावली. मग हात वर करायला सांगितलं की रुग्ण म्हणतो, "हे काय, घरीच करतो की!" कितीजण करतात? इथं बसलेल्यांपैकी हात वर करा बरं. बघा, काहींचा हात वर करायलाही व्यायाम लागणार आहे! (हशा)

अक्का आधी दुसरीकडे जाऊन आल्या होत्या. पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद होता. त्यावर दहा व्यायामांची चित्रं, खाली सगळं इंग्रजी. अक्कांची भाषा तेलुगू, मराठी कामापुरतं. चित्रातला माणूस हाफ पँट घालून काठी उचलतोय. कशासाठी उचलतोय, ते कुठेही लिहिलेलं नाही. अक्कांनी तो कागद पाण्यापासून जपून ठेवला होता, याचं मला फार वाईट वाटलं. अशा बाईच्या केस पेपरवर आपण लिहितो, 'रुग्ण सहकार्य करत नाही'. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला आळशी म्हणायची आपली छाती कशी होते?

मी विचारलं, "अक्का, या खांद्यापायी अडलंय काय?" त्या गप्प. सून म्हणाली, "वेणी. मी घातलेली त्यांना पसंत पडत नाही."

विद्यार्थ्यांनो, वेणी घालायला हात वर जावा लागतो, बाहेरच्या बाजूला वळावा लागतो आणि डोक्यामागे टिकावा लागतो. या आजारात सगळ्यात जास्त अडतं ते हे बाहेर वळणंच. म्हणजे सगळी तपासणी त्या वेणीत आलेली होती. कागद बाजूला ठेवला. शंभर विड्या झाल्या की उठायचं, बोटांनी भिंत चढायची, जिथे हात पोचेल तिथे खडूची रेघ मारायची. आणि लाटणं दोन्ही हातांत धरून, कोपर अंगाला लावून, दुखरा हात बाहेर ढकलायचा. एवढंच. हा खांदा सुटायला वर्ष लागतं, कधी दोन-तीनही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं. नाहीतर पंधरा दिवसांनी माणूस निराश होतो. काही महिन्यांनी अक्का आल्या. वेणी तिरकी होती, पण स्वतः घातलेली.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पण आपल्या सिद्धेश्वरांची संक्रांतीची गड्ड्याची यात्रा राहिली, तेवढं बोलू द्या. नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणारे आपले मानकरी थेट संक्रांतीला ध्वज उचलतात का? आधी कित्येक दिवस सराव चालतो. स्नायूंचं तसंच आहे. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जातंतू कामाला लागल्यामुळे. स्नायू डोळ्यांना दिसेल इतका भरायला दीड-दोन महिने तरी जातात. म्हणून आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणणाऱ्याला रागावू नका, हे समजावून सांगा.

आता भराभर सांगते. गुडघ्याची झीज असली तरी व्यायाम आणि वजन कमी करणं हाच पहिला उपचार. एक्स-रे वाईट दिसतो म्हणून चालणं सोडू नका. माझ्या एका रुग्ण काकांना सिद्धेश्वरांनी शहरात स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा पायी करायची होती. त्यांना मांडीचा व्यायाम पटवावा लागलाच नाही. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि सकाळपर्यंत निवळलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर व्यायाम कमी करा, बंद करू नका. मात्र पाय लुळा पडत असेल, लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, तर व्यायाम नव्हे, ताबडतोब दवाखाना. आणि विद्यार्थ्यांनो, दहा व्यायाम देऊ नका. दोन द्या, समोर करून घ्या, रुग्णाच्या भाषेत द्या.

वेळ संपलाय, तरी अर्धं मिनिट द्या. साठी ओलांडलेले, ज्यांना चक्कर येत नाही असे कोण आहेत? खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी घालून. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं, ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयात बायकांना बारा, पुरुषांना चौदा जमायला हवेत. कमी भरले तर खाली येऊन मला भेटा. मुलांनो, एकेकाशेजारी उभे राहा. घड्याळ मी लावते.