काजळ कमी, डोळा मोठा

पुण्यातल्या घरांत मुलीची रंगभूषा म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो भरतनाट्यमचा किंवा कथकचा चेहरा: काजळाने वरून-खालून बांधलेला, टोकाला जोडलेला डोळा. हाताला तीच सवय असते, आणि बॅलेच्या दिवशी नेमकी तीच नडते. चारही बाजूंनी काळा केलेला डोळा लांबून मिटल्यासारखा दिसतो. बालगंधर्वच्या बाल्कनीतून तर तिथे नुसते दोन काळे ठिपके उरतात. बॅलेत डोळा उघडा दिसायला हवा. बाकी चेहऱ्यावर थोडं कमी-जास्त झालं तरी निभावतं.

आधी क्रम. सगळ्यात पहिल्यांदा अंबाडा, कारण हेअरस्प्रे नंतर मारला तर तो रंगावर बसतो. मग समोरून बटणं असलेला शर्ट घालून रंगभूषा. टुटू, म्हणजे बॅलेचा झालरींचा घेरदार पोशाख, पायांकडून चढवता येतो, त्यामुळे तो नंतर. डोक्यावरचा मुकुट किंवा फुलं शेवटी. आणि कृपा करून घरून रंगवून आणू नका. स्कूटरवर स्कार्फ गुंडाळला की अर्धा रंग त्या स्कार्फलाच लागतो. मुलीला फक्त चेहरा धुऊन, हलकं मॉइश्चरायझर लावून आणा. बाकीचं रंगपटात, म्हणजे रंगमंचामागच्या रंगभूषेच्या खोलीत.

बेससाठी फाउंडेशनची छटा मानेशी जुळवून घ्या. 'जरा उजळ दिसू दे' म्हणून दोन छटा गोरं घेतलं की खांदे नि दंड गव्हाळ आणि चेहरा वेगळाच, असं होतं. बॅलेच्या पोशाखात ते लपत नाही. ओल्या स्पंजने पातळ थर द्या, हनुवटीखाली आणि कानापर्यंत ओढा. मग पावडर पफने दाबायची, घासायची नाही. घासली की खालचा थर सरकतो आणि घाम आल्यावर तिथेच चट्टे पडतात. एसपीएफ असलेलं क्रीम त्या दिवशी नको. त्यात झिंक किंवा टायटॅनियम असेल तर फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढरा पडू शकतो.

आता डोळा. पूर्ण पापणीवर फिकट क्रीम रंगाची शॅडो. पापणीची घडी असते तिच्या किंचित वर तपकिरी छटा. घडीतच भरली तर डोळा उघडल्यावर ती आत जाते आणि मेहनत वाया. वरची रेघ आतल्या कोपऱ्यात बारीक, बाहेर जाड, आणि कोपऱ्यापुढे साधारण ४-५ मिलिमीटर जवळजवळ आडवी न्यायची. खालची रेघ बुबुळाच्या बाहेरच्या कडेपाशी सुरू करा, पापण्यांच्या केसांखाली थोडी जागा सोडून. ती वरच्या रेघेला भिडवायची नाही. दोन रेघांमधल्या त्या फटीत पांढरी किंवा हस्तिदंती पेन्सिल भरा. लांबून ती डोळ्याच्या पांढऱ्या भागातच मिसळते आणि डोळा बाहेर पसरतो. पापणीच्या आतल्या ओल्या कडेला काजळ अजिबात नाही.

मुलीला 'डोळे मीट' म्हणू नका. ती घट्ट आवळते आणि रेघ सुरकुत्यांवर पडते. 'मांडीकडे बघ' म्हणा. तुमची करंगळी तिच्या गालावर टेकवा. प्रत्येक रेघेनंतर तिला समोर बघायला लावून तपासा. आठ वर्षांखालच्या मुलींना काळ्याऐवजी तपकिरी रेघ पुरते. खोट्या पापण्या त्या वयात नकोतच: मूल डोळा चोळतं आणि पापणी गालावर येते. मोठ्या मुलींना लावायच्या असतील तर गोंद दोन दिवस आधी दंडाच्या आतल्या बाजूला लावून बघा. काही गोंदांत लॅटेक्स असतं.

गालाला विटकरी किंवा कोरल रंग, गालाच्या हाडावरून कानशिलाकडे. फिकट गुलाबी गव्हाळ कातडीवर राखट दिसतो. 'हस बरं' म्हणून फुगलेल्या गोळ्यावर लावलात, तर हसू ओसरल्यावर रंग खाली उतरलेला दिसतो. ओठांना मॅट लाल. पण प्रवेशात हिरवा किंवा निळा प्रकाश असेल तर लाल ओठ काळे दिसतात, म्हणून रंगीत तालमीत एका मुलीला पूर्ण रंगवून शेवटच्या रांगेतून पाहाच. फोनवर पाहून ठरवू नका. जवळून जरा भडक वाटलं तर बहुधा ते बरोबर असतं.

चमकी चेहऱ्यासाठी बनवलेलीच घ्या. हस्तकलेच्या दुकानातली चमकी डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो. विंगेत घाम आला तर टिश्यू दाबून टिपा, मग पावडर.

पेन्सिल आणि ब्रश प्रत्येक मुलीचा वेगळा, नाव लिहिलेल्या पिशवीत. एकच काजळ दहा जणींत फिरलं की डोळे येण्याची साथ वर्गात शिरते. उतरवताना खोबरेल तेलाचा कापूस मिटलेल्या डोळ्यावर वीसेक सेकंद धरा, मग खाली पुसा, नंतर फेसवॉश. दुसऱ्या दिवशी डोळा लाल दिसला तर डॉक्टरांना दाखवा आणि ती पेन्सिल फेकून द्या, कितीही महाग असली तरी.