सगळं उशिरा मिळालेलं गाव : वॉलहाला

नमस्कार मंडळी. मेलबर्नला पाहुणे आले की आपण काय करतो, ग्रेट ओशन रोड, पेंग्विन, झालं, तिसऱ्या दिवशी पाहुणे विचारतात अजून काय, आणि आपण डीएफओला, म्हणजे सवलतीच्या मॉलला, नेतो. तर आज मी ज्या गावाबद्दल बोलणार आहे ते पूर्वेला साधारण १८० किलोमीटरवर आहे, डोंगरात, एका चिंचोळ्या दरीत, आणि तिथे आज कायमचे राहणारे लोक आहेत वीसेक. वीस हजार नाही, वीस. आपल्या दिवाळीच्या फराळाच्या रांगेत याच्यापेक्षा जास्त असतात.

गावाचं नाव वॉलहाला. नॉर्स पुराणात लढाईत पडलेल्या वीरांसाठी ओडिन देवाचा जो महाल असतो ना, त्याचं नाव. आधी मात्र साधं नाव होतं, स्ट्रिंगर्स क्रीक, म्हणजे स्ट्रिंगरचा ओढा. हा नेड स्ट्रिंगर ब्रिटनमधून शिक्षा होऊन आलेला माजी कैदी, आणि १८६२ संपता संपता त्याला आणि त्याच्या सोबत्यांना या ओढ्यात सोनं दिसलं. आता इथे एक सांगतो, सगळ्या पाट्यांवर इतिहास इथूनच सुरू होतो पण हा मुलूख इथल्या मूळ गुनाइकुर्नाई लोकांचा, त्यांच्या हिशोबाने १८६२ म्हणजे अगदी कालची गोष्ट. असो. स्ट्रिंगरने जानेवारी १८६३ मध्ये जाऊन क्लेम नोंदवला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो वारला. खरं घबाड होतं ओढ्यात नाही तर डोंगराच्या पोटात, कोहेन्स रीफ नावाची क्वार्ट्झची शीर, तिच्यावर पुढची पन्नास वर्षं गाव जगलं, आणि ज्याच्यामुळे लोक तिथे आले त्याला त्यातलं काही मिळालं नाही. या गावाची सुरुवातच अशी आहे, म्हणून सांगतो.

चाळणी घेऊन ओढ्यात बसायचं सोनं वेगळं आणि खडकातलं वेगळं. खडकातलं काढायला बोगदे खणायला लागतात, दगड फोडून त्याचा भुगा करायला लागतो, त्याला वाफेची इंजिनं, त्या इंजिनांना बॉयलर, बॉयलरला लाकूड. म्हणजे हे एकट्यादुकट्याचं काम नाही, कंपनीचं काम. लाँग टनेल ही त्यातली सगळ्यात श्रीमंत. आणि लाकडासाठी यांनी आजूबाजूचे डोंगर असे साफ केले की जुन्या फोटोत बघा, एक झाड दिसत नाही, नुसती तासलेली उतरण, खाली धुराडी, धूर, आणि मध्ये एकावर एक रचल्यासारखी घरं. आज तुम्ही गेलात तर इतकं घनदाट जंगल आहे की तो फोटो याच जागेचा आहे हे पटत नाही. मी फोटो हातात धरून बँडस्टँडसमोर उभा होतो तरी पटेना.

सपाट जागाच नाही हो तिथे. फायर स्टेशन बांधायचं तर ते ओढ्यावर आडवं बांधलं, खालून पाणी वाहतंय आणि वर बंब. दफनभूमी इतकी उभ्या चढावर की वाटतं माणसं उभीच पुरली असावीत. आणि क्रिकेटचं ग्राउंड! डोंगराचा माथा सपाट करून तिथे पिच केलंय, दरीतून चढून जायला दमछाक होते, गावातले लोक सांगतात की पाहुणी टीम वर पोचेपर्यंतच अर्धी हरलेली असायची. खरंखोटं माहीत नाही पण मी चढलोय, मला पटलं.

आता रेल्वे. गाव वर्षानुवर्षं मागत होतं, कारण सगळा माल घोड्याबैलांवर डोंगर ओलांडून यायचा. शेवटी १९१० मध्ये मो गावाहून लाइन आली, नॅरोगेज, अडीच फूट, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचं जे माप होतं अगदी तेच. गाव खूष. आणि चार वर्षांत, १९१४ ला, खाण बंद. आता त्या रेल्वेने काय वाहून नेलं असेल? घरं. लाकडी घरं होती, लोकांनी फळ्या सोडवल्या, डब्यांवर चढवल्या आणि दुसरीकडे नेऊन उभी केली. ज्या रेल्वेची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली तिनेच गाव उचलून नेलं. १९४४ ला ती गाडीसुद्धा वॉलहालाला यायची थांबली.

मग विजेचं ऐका. डोंगर उतरून खाली आलं की लट्रोब व्हॅली, यालूर्न आणि लॉय यांगची वीजकेंद्रं, आपल्या मेलबर्नच्या घरातले दिवे कित्येक वर्षं तिथल्या कोळशावर जळतायत. आणि त्याच्या डोक्यावर बसलेल्या वॉलहालाला ग्रिडची वीज कधी मिळाली, डिसेंबर १९९८! तोपर्यंत ज्याचं त्याचं जनरेटर. पाण्याचंही तसंच, मेलबर्नचं सगळ्यात मोठं धरण थॉमसन, ते यांच्याच शेजारच्या दरीत. शहराला सगळं पुरवायचं आणि आपण कंदील लावून बसायचं, हे ऐकताना तुमच्यापैकी निम्म्यांना आपापलं गाव आठवलं असेल.

आता गंमत म्हणजे आज जे गाव दिसतं त्यातलं बरंच नवीन आहे. स्टार हॉटेल १९५१ च्या आगीत जळलं, १९९९ मध्ये तसाच दर्शनी भाग करून परत बांधलं. रेल्वे स्वयंसेवकांनी थोडी थोडी करत २००२ मध्ये परत वॉलहालापर्यंत आणली, शनिवार-रविवारची मंडळी, हाताला ग्रीस. काही जण नाक मुरडतात, हे काय खरं नाही, सेट लावलाय. मला तसं वाटत नाही. वीस माणसांचं गाव मोडू द्यायचं नाही असं ठरवून कुणीतरी फोटो बघून पुन्हा बांधतं, याला मी तरी सेट म्हणणार नाही. हां, फज नावाच्या मिठाईची दुकानं जरा कमी चालली असती.

चालणाऱ्यांसाठी एक, ऑस्ट्रेलियन आल्प्स वॉकिंग ट्रॅक इथूनच सुरू होतो आणि थेट कॅनबेराजवळ संपतो, साडेसहाशे किलोमीटर. हात वर करा कोण येतंय. बरं, कुणीच नाही.

मग सोपं सांगतो. घरं गेली तसं वॉलहालाचं मूळ स्टेशनही १९३८ मध्ये उचलून नेलं, ते अजून वापरात आहे. मेलबर्नच्या लोकलच्या अलामेन लाइनवरचं हार्टवेल स्टेशन आहे ना, ते. आज वॉलहालाला दिसतं ते त्याची नक्कल. तुमच्यातले दोघंतिघं तर रोज सकाळी हार्टवेलच्या त्या छपराखाली गाडीची वाट बघत उभे असतात, मला माहितीये.