किल्ली निसटली, की हात थांबवा

श्रोतेहो, नमस्कार. रिमोटवर चालणारी गाडी दुरुस्तीला घ्यावी, सगळे स्क्रू निघावेत आणि नेमका एक अडून बसावा, हे या छंदातल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतं. स्क्रूच्या डोक्यातल्या सहा कोनी खाचेत बसणारी ॲलन किल्ली नुसती गरगर फिरते. मग आपण इरेला पेटतो, आणखी जोर लावतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, किल्ली पहिल्यांदा निसटली की तिथंच हात थांबवा. खाचेचे कोपरे तेव्हा बरेचसे शाबूत असतात. पुढच्या चार झटक्यांत आपणच ते घालवतो.

आधी खाचेत डोकावून बघा. सहा कोनी खाचेच्या तळाशी माती घट्ट बसलेली असते. किल्ली अर्धवटच आत जाते आणि सगळा जोर वरच्या कडांवर येतो. टाचणीनं ती माती कोरून काढा, किल्ली तळाला टेकली याची खात्री करा. पुष्कळ ‘खराब’ स्क्रू एवढ्यावरच सुटतात.

आता किल्लीचं माप. ३ मिलिमीटर जाडीच्या, घुमटाकार डोक्याच्या स्क्रूला २ मिलिमीटरची किल्ली लागते. ५/६४ इंचाची किल्ली हुबेहूब तशीच दिसते, पण भरते १.९८ मिलिमीटर. एवढ्या लहान खाचेत ही ढिलाईसुद्धा कोपरे खायला पुरते. किल्लीचा शेंडा झिजला असेल तर तीच गत. गोळीच्या टोकाची किल्ली तिरकी लावता येते म्हणून सोयीची, पण घट्ट स्क्रू सोडवायला ती मुळीच वापरू नका. आणि जपानी बनावटीच्या गाडीत अधिक चिन्हाची खाच असेल, तर जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. साधा फिलिप्स त्या खाचेत नीट बसत नाही, जोर दिला की वर उसळतो.

कोपरे गेलेच असतील, तर इंचाचं माप उलट कामी येतं. १/१६ इंच म्हणजे जवळपास १.५९ मिलिमीटर. ती किल्ली १.५ च्या चांगल्या खाचेत शिरणार नाही, पण झिजलेल्या खाचेत हलकेच ठोकून बसवली तर घट्ट पकडते. २ मिलिमीटरच्या झिजलेल्या खाचेत टी-८ मापाचा टॉर्क्स, म्हणजे सहा टोकी चांदणीच्या आकाराचा बिट असाच ठोकून बसवतात. ठोकताना खाली भक्कम आधार हवा, नाहीतर धक्का बेअरिंगला बसतो.

पण स्क्रू मुळात अडलाय कशानं, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. धातूत धातू बसवला असेल तर बहुधा थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचं चिकट द्रव्य, लावलेलं असतं. ते उष्णतेनं मऊ पडतं. बॅटरी काढून बाजूला ठेवा, सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवा आणि गरम असतानाच फिरवा. मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या दातेरी चाकाचा, म्हणजे पिनियनचा, बिनडोक्याचा छोटा स्क्रू इथं सगळ्यांत जास्त छळतो. तिथं एका दमात खूप तापवू नका. उष्णता दांड्यातून आत जाते आणि मोटरचे चुंबक जास्त तापले तर कमजोर होतात. थोडं तापवा, फिरवून बघा, पुन्हा तापवा. स्क्रू प्लास्टिकमध्ये असेल तर काही सेकंदच पुरेत, जास्त झालं तर आटेच वितळतील. ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू पाणी लागून गंजला असेल, तर गंज सोडवणारं तेल थेंबभर सोडा आणि रात्रभर राहू द्या. पॉलिकार्बोनेटची बॉडी मात्र आधी उतरवा, अशा तेलानं तिला तडे जाऊ शकतात.

डोकं बाहेर दिसत असेल, तर रोटरी टूलच्या पातळ चकतीनं त्यावर सरळ चीर पाडा आणि सपाट स्क्रू ड्रायव्हर लावा. डोळ्यांवर चष्मा हवाच. लोखंडाचा कीस चुंबकाकडे ओढला जातो, म्हणून मोटरवर आधी कापड गुंडाळा.

यानंही जमलं नाही, तर ड्रिल. ३ मिलिमीटरच्या स्क्रूला ३ मिलिमीटरचाच बिट घ्या, खाच त्याला आपोआप मध्यभागी धरते. सावकाश चालवा. डोकं गळून पडलं की वरचा भाग मोकळा होतो, त्याबरोबर स्क्रूवरचा ताणही जातो. उरलेला दांडा लॉकिंग पकडीनं धरून फिरवला की बहुतेक वेळा सहज निघतो. म्हणून ड्रिलला घाबरू नका. एक स्क्रू गमावणं सुट्या भागाचे आटे गमावण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

नवा स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवताना तो आधी हलक्या हातानं उलटा फिरवा. टक्क करून किंचित खाली बसला की जुना आटा सापडला, मग सुलटा पिळा. प्लास्टिकमध्ये थ्रेडलॉक लावू नका, काही प्लास्टिकं त्यानं ठिसूळ होतात. आणि डोकं टेकलं की थांबा.

नमस्कार.