करंट कुठून घेतलाय?

(पेठेतल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘घरच्या गाडीला काय बसवावं आणि काय बसवू नये’. त्यावर येतोच. आधी माझ्या मनातला एक प्रश्न तुमच्यापुढं ठेवतो. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करायला लागून मला ३१ वर्षं झाली. फॉग म्हणजे धुक्यातले जादा दिवे लावलेली, हॉर्न बदललेला, नवी म्युझिक सिस्टीम घातलेली गाडी दारात आली की मी मालकाला एकच विचारतो, करंट कुठून घेतलाय? नीट उत्तर देणारे मालक मला फार थोडे भेटले.

इथंच बघूया. दुकानातनं बसवून घेतलेली निदान एक वस्तू ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी हात वर करा. जवळजवळ सगळेच. आता त्या वस्तूचा फ्यूज कुठं आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांनीच हात वर ठेवा. दोन. आणि तिसरे काका. पण काका, तुम्ही स्वतः वायरमन आहात, तुम्हाला धरत नाही.

हौसेला माझा विरोध नाही, हे पहिल्यांदा सांगून टाकतो. नवी गाडी जोतिबाला नेऊन आणायची, आणि पुढच्या रविवारी ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर उभी करायची, हा आपला रिवाज आहे. माणूस वर्षानुवर्षं हप्ते फेडतो. ती गाडी आपली वाटावी म्हणून चार पैसे घालणार, त्यात चूक काय? माझं म्हणणं वस्तूबद्दल नाही. ती वस्तू गाडीला जोडणाऱ्या त्या वीतभर वायरबद्दल आहे.

हे मला कुणी पुस्तकातनं शिकवलं नाही. माझ्या थोरल्या भावाच्या गाडीनं शिकवलं.

दादानं एक जुनी पाच सीटची गाडी घेतली होती. वहिनींचं माहेर वैभववाडीच्या बाजूला. म्हणजे वाट गगनबावड्याची आणि पुढं करूळ घाट. तिथला पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. जुलैत गगनबावड्याच्या पुढं दुपारी तीनला सुद्धा दिवे लावून चालावं लागतं. दादाला कंपनीचा उजेड कमी वाटला, म्हणून एका दुकानात जाऊन त्यानं ६०/५५ वॅटचे, म्हणजे लांबच्या उजेडाला ६० आणि जवळच्याला ५५, असे बल्ब काढून १००/९० वॅटचे घातले, आणि खाली दोन फॉग लावून घेतले, ५५-५५ वॅटचे. मला विचारलं नाही. धाकट्या भावाला काय विचारायचं, घरोघरी तसंच असतं.

पहिल्याच आठवड्यात १५ अँपिअरचा निळा फ्यूज दोनदा उडाला. दादा परत दुकानात गेला. त्यांनी निळा काढून ३०चा हिरवा बसवला आणि म्हणाले, आता उडणार नाही. आणि खरंच उडाला नाही.

पंधरा दिवसांनी दादा, वहिनी आणि दोन पोरं करूळ घाट उतरत होती. संध्याकाळचे साडेसात, वरनं पाऊस, समोर धुकं. आधी जळका वास आला. वहिनींना वाटलं क्लच. मग दोन्ही हेडलाइट एकदम गेले. फॉगही गेले. घाटातल्या वळणावर, डाव्या हाताला दरी, आणि समोर नुसता काळोख. दादानं गाडी अंदाजानं थांबवली. हॅझर्ड चालू होते तेवढे लावले. पोरं रडायला लागली. वहिनी मला नंतर म्हणाल्या, भावजी, मागून एखादा ट्रक आला असता तर त्याला आम्ही दिसलोही नसतो.

मागून एसटी आली. ड्रायव्हरनं पाहिलं, थांबला, खाली उतरून चौकशी केली आणि म्हणाला, माझ्या मागच्या दिव्यावर नजर ठेवा, मी हळू जातो. पार वैभववाडीपर्यंत त्यानं दादाला पुढं वाट दाखवत नेलं. त्या ड्रायव्हरचं नाव आमच्यापैकी कुणी विचारलं नाही, याची मला आजही रुखरुख आहे.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीनं तिकडं गेलो. स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं तर दिवे लावायच्या दांडीचा कॉम्बिनेशन स्विच आतनं वितळून गोळा झालेला. बल्बचे होल्डर तपकिरी पडलेले. ही वायर कुठनं आली हे शोधायला मला सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत बसावं लागलं, कारण सगळी वायर एकाच लाल रंगाची, जोड नुसते पिळलेले, वर काळी टेप, आणि ती टेप कंपनीच्या वायरच्या काळ्या जुडग्यावर, लूमवर, गुंडाळलेली. टेस्टलॅम्प घेऊन एकेक इंच चाचपत गेलो. शेवटी सापडलं. फॉगचा करंट हेडलाइटच्याच वायरला टोचा मारून घेतला होता. रिले नव्हता, तो काय असतो ते पुढं सांगतो. वेगळा फ्यूज नव्हता.

हिशेब अगदी सोपा आहे. वॅटला व्होल्टनं भागलं की अँपिअर. कंपनीचे ५५चे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टनं भागा, साधारण ९ अँपिअर. त्या जुन्या गाडीत तेवढा करंट दांडीच्या स्विचमधनंच जायचा, आणि स्विच तेवढ्यापुरताच केलेला. आता ९०चे दोन आणि फॉगचे ५५चे दोन धरा. २९० वॅट. म्हणजे २४ अँपिअर. करंट अडीचपटीच्या वर गेला. पण वायरमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे ती जवळजवळ सातपट झाली. शेतकरी मंडळी बसलीयत म्हणून सांगतो, एक इंची पाइपला पाच हॉर्सपॉवरची मोटार जोडल्यासारखं झालं. पाइप कुठं फुटेल ते आपण ठरवू शकत नाही.

आणि तो फ्यूज. फ्यूज वस्तूला वाचवतो अशी सगळ्यांची समजूत असते. फ्यूज वाचवतो वायरला. वायर तापून पेट घ्यायच्या आधी आपण जळायचं, एवढंच त्याचं काम. निळा फ्यूज दोनदा उडाला म्हणजे तो दोनदा ओरडून सांगत होता. १५च्या जागी ३० घातला की फ्यूज गप्प बसतो, आणि त्याच्या जागी वायर जळते. गाडी पेटली असं आपण वाचतो, तेव्हा मला पहिल्यांदा कुणीतरी बसवलेला तो मोठा फ्यूज आठवतो.

मग बरोबर कसं करायचं? बॅटरीपासनं फॉगसाठी स्वतंत्र, योग्य जाडीची वायर ओढायची. बॅटरीच्या जवळच, वीतभर अंतरात, फ्यूज टाकायचा. मध्ये रिले. रिले म्हणजे आपला कॅनॉलवरचा पाटकरी. डॅशबोर्डचा स्विच त्याला नुसती चिठ्ठी पाठवतो, त्यात अर्ध्या अँपिअरचाही करंट नसतो. मोठं दार पाटकरी उघडतो, आणि पाणी परस्पर कालव्यातनं शेतात जातं, तुमच्या अंगणातनं जात नाही. रिलेच्या खाली आकडे असतात, ३०, ८५, ८६, ८७. तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवा, पंच्याऐंशी-शहाऐंशीला स्विच आणि अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारी वायर. दहावीची पोरंसुद्धा हे एका दुपारी शिकतात, मी शिकवलंय. रिले काही शे रुपयांत येतो. मजुरीत एक तास वाढतो. तो एक तास वाचवण्यासाठी माझी दोन पुतणी दरीच्या तोंडाशी बसली होती.

दादा दुकानात गेला तेव्हा ते म्हणाले, आम्ही फक्त बल्ब लावले. त्याच्याकडं बिल होतं, त्यावर ‘बल्ब, फॉग, फिटिंगसह’ एवढंच. वायर कुठनं कुठं गेली याचा कागदच नाही, तर भांडायचं कशाच्या जोरावर? हा राग माझ्या मनातनं अजून गेलेला नाही. घर बांधताना आपण नकाशा मागतो. बोअर मारला तर किती फुटावर पाणी लागलं ते लिहून घेतो. गाडीच्या पोटात नवी नस घातली, तर ती कुठं आहे हे लिहून का घेत नाही?

पुराचंही सांगतो, कारण ते कोल्हापुरातल्या प्रत्येकाचं आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैत व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीकडच्या किती गाड्या पाण्यात होत्या, तुम्ही पाहिलंय. त्यानंतर कित्येक महिने माझ्याकडं त्या गाड्या येत होत्या. कंपनीचे सील केलेले कप्लर, म्हणजे वायर जोडायचे प्लग, बऱ्याच गाड्यांत धुऊन, सुकवून चालले. टेप लावलेले जोड मात्र उघडले की आत हिरवं. तांब्याच्या बारीक तारांमधनं पाणी वातीतल्या तेलासारखं चढतं. जोड गमबुटाच्या उंचीला, आणि गंज सापडायचा त्याच्या हातभर वर. मालक म्हणायचे, पुरात गाडी गेली. गाडी राहिली होती, गेला होता तो टेपचा जोड.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं राहिली. मूळ विषय तसाच राहिलाय, भराभर सांगतो.

पुढचा लोखंडी गार्ड, बुलबार, लावू नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना त्याबद्दल कारवाई करायला लिहिलंय. गाडीचं तोंड धक्का खाऊन चेपावं असंच केलेलं असतं, आणि एअरबॅगचे सेन्सर त्या चेपण्यावर अवलंबून असतात. गार्ड मध्ये आला की धक्का थेट चॅसीला, एअरबॅग चुकीच्या वेळी. समोरच्या पायी माणसाचं तर विचारूच नका.

सीट कव्हर घेताना सीटच्या बाजूला एअरबॅग असं लिहिलंय का बघा. असेल तर त्या बाजूची शिवण एअरबॅगसाठी केलेली आहे असंच कव्हर हवं, नाहीतर बॅग उघडायला जागा नाही. पिवळं कव्हर किंवा पिवळा कप्लर असलेल्या वायरला कुणालाही हात लावू देऊ नका, ती एअरबॅगची असते.

ड्रायव्हरच्या पायाखाली मॅटवर मॅट टाकू नका. मॅट सरकून ॲक्सिलरेटर अडकतो. २००९ मध्ये अमेरिकेत टोयोटाला याच कारणासाठी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या.

काळी फिल्म २०१२ सालापासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंद आहे. पुढच्या-मागच्या काचेतनं ७० टक्के, बाजूच्या काचेतनं ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. ज्यांची लावलेली आहे त्यांनी घरी जाऊन बघा.

रुंद टायर घालायचे तर चाकाचा एकूण व्यास तोच राहिला पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलतो आणि फेंडरला घासतं. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालू नका. उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो, रस्त्यावर पडत नाही. डॅशकॅमला कायम करंट दिलात आणि त्यानं फक्त ०.३ अँपिअर खाल्लं, तरी ३५ अँपिअर-तासाची छोट्या गाडीची बॅटरी चार-पाच दिवसांत गाडी सुरू करायला नकार देते. चावी बंद झाली की बंद होणाऱ्या फ्यूजवरनं, फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या खाचेत बसणारी जोडणी, लावून घ्या.

सीएनजी बसवला तर आरसी बुकावर नोंद करा आणि विमा कंपनीला कळवा. परवानगी नसलेल्या बदलाला मोटार वाहन कायद्यात दर बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सुद्धा आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, दिव्यांचा करंट मोजत असतं. तिथं टोचा मारून चालतच नाही, लगेच एरर येते. ते बरंच झालं म्हणायचं.

मिनिट राहिलंय. दादाची गाडी मी पुन्हा वायर केली तेव्हा एक कागद लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवला. फॉग, रिले कुठं, फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठं, वायर कोणत्या रंगाची, अर्थ कुठं मारला, कुणी केलं, तारीख. दादानं गाडी विकली तेव्हा कागद तिच्याबरोबर गेला. तीन वर्षांनी इचलकरंजीहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. फॉग लागत नव्हते, त्यांच्या मेकॅनिकनं कागद वाचला, रिले बदलला, पाच मिनिटांत काम झालं. कागदावर माझा नंबर होता म्हणून फक्त सांगायला फोन केला, म्हणाले.

तसाच कोरा कागद मी शंभर प्रती छापून आणलाय, दारातल्या टेबलावर ठेवलाय. जाताना घ्या. पुढच्या वेळी काहीही बसवायला गेलात की पैसे द्यायच्या आधी दुकानदाराच्या हातात द्या आणि भरून मागा. पहिली ओळ तीच आहे, करंट कुठून घेतलाय.