बागेच्या कार्यक्रमाला भूमिका हवी

(दृश्य: ओलं, काळपट पठार, पीट कापून उघडी पडलेली उभी कड)

हे पीट. दलदलीतलं स्फॅग्नम शेवाळ मरतं, पण पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून पुरतं कुजत नाही. थरावर थर साचत राहतो, वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर. समोरची ही मीटरभर कड साचायला सुमारे १,००० वर्षं लागतात. पीट हलकं, मऊ आणि पाणी धरून ठेवणारं, म्हणून ब्रिटनमधल्या कुंड्यांत ते पोत्यापोत्यांनी गेलं. दलदल सुकली की साठलेला कार्बन हवेत जातो.

(दृश्य: जुन्या चित्रफिती)

बीबीसीवर ‘गार्डनर्स वर्ल्ड’ हा बागकामाचा कार्यक्रम १९६८ मध्ये सुरू झाला. त्याचे सादरकर्ते पर्सी थ्रोअर यांच्या काळात कीड दिसली की रसायन फवारायचं, हा रोजचा सल्ला होता. त्याला कुणी विचारसरणी म्हणत नसे, पण ती भूमिकाच होती, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. त्यामुळे ‘सादरकर्त्याने फक्त कृती दाखवावी, मतं सांगू नयेत’ असं जे म्हटलं जातं, ते पटत नाही. फवारणीचा पंप हातात घेतला, तिथेच मत सांगून झालं.

१९७९ पासून या कार्यक्रमात सादरकर्ते म्हणून जेफ हॅमिल्टन दिसू लागले. पुढे रटलंडमधल्या बार्न्सडेलच्या बागेतून त्यांनी रसायनांशिवायची बाग आणि पीटला पर्याय, दोन्ही उघडपणे मांडलं. १९९६ मध्ये ते गेले.

(दृश्य: गळलेली पानं, गवत कापायचं यंत्र, जाळीचा कप्पा)

आता पानांचं खत पाहा. याच कार्यक्रमाचे सादरकर्ते माँटी डॉन लाँगमेडो या आपल्या बागेत हे दरवर्षी करतात. पानं पसरायची आणि त्यांवरून गवत कापायचं यंत्र फिरवायचं. तुकडे झाले की लवकर कुजतात. मग जाळीच्या कप्प्यात भरायची. कोरडी वाटली तर पाणी मारायचं. इथे काम बुरशीचं आहे, ती थंडपणे आणि सावकाश चालते, म्हणून ढीग तापत नाही. वर्षभरात भुसभुशीत, काळं खत तयार होतं. ते चाळून बियांच्या मिश्रणात घालता येतं. पीट सोडा असं सांगणाऱ्याने त्याच्या जागी काय वापरायचं हे असं हातात घेऊन दाखवलं, तर नवख्यालाही ते करून पाहता येतं.

(दृश्य: उपटलेली, बॉक्स या झुडपाची कुंपणं)

रसायनांशिवायच्या बागेची ही बाजूही दाखवायलाच हवी. बॉक्सवर बुरशीजन्य करपा आला आणि लाँगमेडोतली कुंपणं काढावी लागली. फवारणीने ती वाचली असती का, असं प्रेक्षकाने विचारलं तर त्याचं उत्तर त्याच कार्यक्रमात, त्याच बागेत उभं राहून द्यावं.