निखाऱ्याच्या नावाचा देश

[काळा पडदा. स्प्रेच्या डब्यातली गोळी खडखडते. मग रंगाचा फवारा सुटल्याचा आवाज.]

ब्राझील हे एका रंगाचं नाव आहे.

1500 सालच्या मार्चमध्ये पेद्रो आल्व्हारेस काब्राल या पोर्तुगीज दर्यावर्द्याची गलबतं लिस्बनहून कालिकतला यायला निघाली. वाटेत ती पश्चिमेकडे दूरवर गेली आणि एप्रिलमध्ये एका अनोळखी किनाऱ्याला लागली. किनाऱ्यावरच्या जंगलात एक काटेरी झाड होतं. खोड चिरलं की आत लालभडक गाभा. त्या लाकडातून कापड रंगवायचा लाल रंग निघायचा. युरोपला तो रंग नवा नव्हता. आपल्या आशियातल्या पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा तसाच लाल रंग कित्येक शतकं तिकडे जात होता आणि त्या लाकडालाही 'ब्राझील'च म्हणत. पोर्तुगीज भाषेत 'ब्राझा' म्हणजे निखारा. निखाऱ्यासारखं लाल लाकूड ते पाउ-ब्राझील, आणि ते जिथे मिळतं तो देश ब्राझील.

पुढे त्या झाडावर इतक्या कुऱ्हाडी पडल्या की आज ते स्वतःच्या नावाच्या देशातच दुर्मीळ झालंय. व्हायोलिनचे उत्तम गज अजूनही याच लाकडाचे होतात. एरवी ते पाहायचं तर बऱ्याचदा वनस्पती उद्यानात जावं लागतं.

सुमारे 85 लाख चौरस किलोमीटरचा देश. भारताच्या अडीच पटींहून मोठा. तीन आठवड्यांत तो बघून होत नाही, हे निघतानाच माहीत होतं. म्हणून आम्ही एकच गोष्ट धरून ठेवली: इथला रंग. तो कुठे लावलाय, कोणी लावलाय, आणि कशापासून केलाय.

[साओ पाउलो. उंच इमारतींच्या कडा, वरपासून खालपर्यंत काळी अक्षरं.]

साओ पाउलो. शहराची वस्ती एक कोटीच्या वर, उपनगरं धरली तर दोन कोटी. विमानातून खाली पाहिलं तर इमारती संपतच नाहीत. जमिनीवर उतरल्यावर एक गोष्ट खटकते आणि ती काय हे कळायला थोडा वेळ जातो. या शहरात जाहिरातींचे मोठे फलक नाहीत. 2007 पासून रस्त्यावरच्या जाहिरातफलकांना इथे बंदी आहे. फलक उतरले आणि मागच्या भिंती उघड्या पडल्या. आपल्या शहरांत वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्समागे काय दडलंय, हे आपण विसरूनच गेलोय. इथे ते दिसतं.

आणि त्या भिंतींवर सगळ्यात आधी दिसतो तो पिशो.

पिशो म्हणजे ही उभी, टोकदार, काळी अक्षरं. हेवी मेटल आणि पंक संगीताच्या तबकड्यांवर जसे अणकुचीदार अक्षरांचे नमुने असायचे, त्यावरून 1980 च्या दशकात इथल्या पोरांनी स्वतःची लिपी घडवली. बाराव्या मजल्याच्या कठड्याला लटकून, एकमेकांच्या खांद्यावर उभं राहून, रात्रीच्या काळोखात हे लिहिलं जातं. लिहिणारी बहुतेक मुलं शहराच्या कडेच्या वस्त्यांमधली. मजकूर असतो फक्त त्यांचं नाव, किंवा त्यांच्या गटाचं. शहराच्या मध्यावर ज्यांना घर परवडणार नाही, त्यांनी तिथल्या सर्वांत उंच भिंतीवर आपलं नाव लिहून ठेवायचं. यात जीव गेलेत. मला ही अक्षरं सुंदर वाटली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते. पण चार दिवसांनी ती मला वाचता येऊ लागली, आणि मग त्यांच्यावरून नजर हटेना.

इथल्या कायद्यातली एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली. भिंत रंगवणं हा इथे गुन्हा ठरला तो 1998 च्या पर्यावरणविषयक गुन्ह्यांच्या कायद्याखाली. जंगल तोडणं, नदीत विष सोडणं, परवानगीशिवाय भिंत रंगवणं, सगळं एकाच कायद्यात. 2011 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. घरमालकाच्या संमतीनं काढलेलं चित्र कायदेशीर ठरलं, पिशो गुन्हाच राहिला, आणि 18 वर्षांखालच्या मुलांना स्प्रे विकायला बंदी आली.

संमतीची चित्रं पाहायची तर विला मादालेना भागातल्या 'बेको दो बॅटमॅन' या गल्लीत सगळे पर्यटक जातात. 1980 च्या दशकात तिथे कोणीतरी बॅटमॅन काढला, त्यावरून हे नाव. आम्हीही गेलो. फोटोसाठी रांगा होत्या. फार थांबलो नाही.

थांबलो ते मिन्योकाओवर. मिन्योकाओ म्हणजे मोठ्ठं गांडूळ. लष्करी राजवटीत, 1971 मध्ये, शहराच्या मधोमध बांधलेला उड्डाणपूल. लोकांच्या खिडक्यांना इतका चिकटून गेलाय की पुलावरून कोणाच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय ते दिसावं. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी तो गाड्यांना बंद असतो. रविवारी सकाळी पाहावं तर पुलावर लेकरं सायकल शिकतायत, म्हातारी मंडळी फिरतायत, कोणी शहाळं विकतंय. दोन्ही बाजूंना इमारतींच्या पाठी, आणि त्या पाठींवर सहा-सहा, दहा-दहा मजली चित्रं. पुलानं ज्यांचा उजेड हिरावला, त्या घरांना चित्रांनी काहीतरी परत दिलं, असं मला तिथे उभं राहून वाटलं.

पण इथे रंग टिकेलच याचा भरवसा नाही. या शहरानं जगाला 'ओस जेमिओस', म्हणजे 'जुळे', हे नाव दिलं. ओताव्हियो आणि गुस्ताव्हो पांदोल्फो, 1974 चे जुळे भाऊ. पिवळ्या कातडीची, बारीक हातापायांची माणसं काढणारे. जगभरच्या संग्रहालयांत त्यांची चित्रं लागली. आणि त्यांच्याच शहरात 2008 मध्ये त्यांचं एक भलंमोठं भित्तिचित्र पालिकेच्या सफाईत राखाडी रंगाखाली गेलं. 2017 च्या जानेवारीत नव्या महापौरांनी '23 दे मायो' या हमरस्त्याकडेची चित्रं अशीच राखाडी करून टाकली. शहर चिडलं. राखाडी हा शब्दच इथे भांडणाचा झाला.

[एका इमारतीची संपूर्ण पाठ. काळ्या-करड्या छटांमधलं चित्र. कॅमेरा हळूहळू खालून वर.]

आणि आता हे चित्र पाहा. हेसुद्धा राखाडीच आहे.

एक वणवे विझवणारा स्वयंसेवक. पाय रोवून उभा. मागे जळतं जंगल. 2021 मध्ये मुंदानो या चित्रकारानं ते शहराच्या मध्यभागी उभं केलं. उभं राहण्याची ढब इथल्या शाळकरी पोरांनाही ओळखीची आहे. कांदिदो पोर्तिनारी या थोर चित्रकारानं 1934 मध्ये कॉफीच्या मळ्यातला मजूर रंगवला होता. भले थोरले हात, अनवाणी पाय, हातात कुदळ, शेजारी तोडलेल्या झाडाचा बुंधा. तोच मजूर आता जंगल वाचवायला उभा राहिलाय.

यातला काळा आणि करडा रंग दुकानातून आणलेला नाही. मुंदानो ॲमेझॉनला गेला, पांतानालच्या पाणथळीत गेला, सेराडोच्या माळावर गेला, अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलात गेला. वणवे जिथे लागले होते तिथली राख त्यानं पोत्यांत भरून आणली आणि तिचाच रंग केला. राख म्हणजे एकच रंग, असं मी समजत होते. पण जळून कोळसा झालेल्या खोडाचा काळा वेगळा, पानांच्या राखेचा करडा वेगळा, पार जळून गेलेल्याची पांढुरकी राख वेगळी. ही भिंत या फरकांवरच उभी आहे.

2019 च्या 19 ऑगस्टला याच शहरात दुपारी तीनच्या सुमारास अंधार झाला. रस्त्यावरचे दिवे लागले, गाड्यांनी हेडलाइट लावले. थंड ढगांच्या पट्ट्यात दूरवरच्या वणव्यांचा धूर मिसळला होता. ॲमेझॉनचं जंगल इथून दोन हजार किलोमीटरवर. एरवी त्याच दिशेनं साओ पाउलोला पाऊस येतो. जंगलातली झाडं जमिनीतलं पाणी शोषून हवेत सोडतात, ती वाफ वाऱ्यावर पश्चिमेला जाते, अँडीज पर्वताला थटून दक्षिणेकडे वळते आणि इथे कोसळते. इथले लोक तिला 'उडत्या नद्या' म्हणतात. त्या दुपारी नदीऐवजी धूर आला.

मुंदानोनं त्याआधी 2020 मध्ये असंच एक चित्र केलं होतं. 2019 च्या 25 जानेवारीला ब्रुमाजिन्यो इथं लोहखनिजाच्या खाणीतला गाळ अडवणारं धरण फुटलं आणि 270 माणसं गाडली गेली. त्या गाळातूनच त्यानं विटकरी-तपकिरी रंग बनवला आणि भिंतीवर कामगारांचे चेहरे काढले. सगळे समोर बघणारे. मी त्या चित्रासमोर फार वेळ उभी राहू शकले नाही.

[रिओ. ढगांत बुडालेले डोंगर. पाखरांचा कलकलाट.]

रिओ द जानेरोला समुद्रकिनारा आहे, हे सांगायची गरज नाही. आपण डोंगराकडे जाऊ.

शहराच्या मधोमध तिजुकाचं जंगल आहे. दाट, ओलं, माकडांनी भरलेलं. पाहणाऱ्याला वाटेल, हे इथे पहिल्यापासूनच असणार. नाही. एकोणिसाव्या शतकात हे डोंगर कॉफीच्या मळ्यांसाठी बोडके झाले होते. झाडं गेली तसे झरे आटले आणि तेव्हा राजधानी असलेल्या रिओला पाणी पुरेना. तेव्हा 1861 मध्ये सम्राट दुसरा पेद्रो यानं जंगल पुन्हा लावायचा हुकूम काढला. काम सोपवलं मेजर मानुएल गोमेस आर्शर याच्याकडे. तेरा वर्षांत लाखाच्या घरात रोपं लागली.

ती लावली कोणी? गुलामांनी. एलेउतेरियो, कोन्स्तांतिनो, मानुएल, मातेउस, लेओपोल्दो आणि मारिया. ही सहा नावं कागदोपत्री उरली आहेत. आडनाव एकाचंही नाही. डोंगर चढून जाताना मी ती नावं मोठ्यानं उच्चारली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली ती 1888 मध्ये, दोन्ही अमेरिकांत सगळ्यात शेवटी. खाली बंदरात 2011 मध्ये खोदकाम करताना वालोंगो धक्क्याचे दगड सापडले. सुमारे नऊ लाख आफ्रिकी माणसं त्या एका धक्क्यावर उतरवली गेली होती. त्याच बंदरभागात ऑलिम्पिकच्या वर्षी, 2016 मध्ये, एदुआर्दो कोब्रानं पाच खंडांतल्या आदिवासींचे पाच प्रचंड चेहरे रंगवले. तिकडे गर्दी असते. धक्क्याच्या दगडांपाशीही दहा मिनिटं थांबावं.

जंगलात शिरल्यावर आमचा कॅमेरामन एकदम उभा राहिला. तो कोकणातला. नाक वर करून म्हणाला, "ताई, फणस पिकलाय."

आणि खरंच, समोर खोडाला लगडलेले फणस. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात आपल्याकडून नेलेले. इथे त्याला 'झाका' म्हणतात, मल्याळममधल्या 'चक्क'वरून. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या बाजारात एका बाईंनी सुरीला तेल लावून फणस फोडला आणि विचारलं, "मोली की दुरा?" मऊ की टणक? आपला बरका आणि कापा! कॅमेरामननं उत्तर द्यायच्या आधीच बरक्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी आपल्याला काजू दिला. झाडही तिथलं आणि शब्दही तिथला, तुपी लोकांच्या 'आकाजू'वरून आलेला. आपण त्यांना फणस दिला. पण तिजुकात आपल्या फणसानं फार हातपाय पसरलेत. तो मूळच्या झाडांची जागा घेतो, म्हणून वनखात्याला त्याची संख्या आटोक्यात ठेवावी लागते. ऐकून जरा वाईट वाटलं.

[विमानाच्या खिडकीतून. हिरवं, मग तांबूस चौकोन, त्यांत पांढरे ठिपके.]

उत्तरेकडे उडताना खाली हे पांढरे ठिपके दिसतात. गुरं आहेत ती. पाठीवर वशिंड, गळ्याला पोळी. आंध्रातल्या नेल्लोरची जात. इथे तिला नेलोरे म्हणतात. आपल्याकडून आलेली ही जात इथे वाढत गेली, आणि आज ब्राझीलमध्ये माणसांपेक्षा गुरं जास्त आहेत. ॲमेझॉनचं जंगल जिथे तुटतं, तिथे बहुतेक ठिकाणी पुढे गुरांचंच कुरण होतं.

[मनाउस. पहाट. नदी.]

ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहरापाशी दोन नद्या भेटतात. रिओ नेग्रो कोऱ्या चहासारखी काळी, सोलिमोएस गढूळ, दुधाळ तपकिरी. भेटतात, पण मिसळत नाहीत. एकीचं पाणी कोमट आणि संथ, दुसरीचं गार, वेगवान आणि जड. सहा-सात किलोमीटर त्या शेजारी शेजारी वाहतात आणि मध्ये रेघ ओढल्यासारखी सीमा दिसते. मी होडीतून त्या रेघेवर हात घातला. चार बोटं गार, अंगठा कोमट.

या संगमाजवळच लाजेसचा खडकाळ काठ आहे. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये इथे असा दुष्काळ पडला की मनाउस बंदरातली नदीची पातळी 12.70 मीटरवर आली. 1902 पासूनच्या नोंदींत इतकी कमी कधीच नव्हती. पाणी हटलं आणि खडकावर चेहरे दिसू लागले. दगडात कोरलेले. गोल डोळे, सरळ तोंड, काही हसरे, काही नाहीत. हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीचे असावेत, असा पुरातत्त्वज्ञांचा अंदाज आहे. 2010 च्या दुष्काळात ते पहिल्यांदा नजरेला पडले होते. 2024 मध्ये नदी आणखी खाली गेली.

आम्ही पोहोचलो तेव्हा मे महिना संपत आला होता. पाणी चढलेलं. नावाड्यानं इंजिन बंद केलं, वल्ह्यानं होडी स्थिर धरली आणि पाण्याकडे बोट दाखवलं. खाली काहीच दिसत नव्हतं. फक्त काळं पाणी आणि त्यात आमचे वाकलेले चेहरे. कॅमेरामननं विचारलं, किती खोल असतील? नावाड्यानं एक हात डोक्यावर उंच धरला, मग दुसरा त्याच्याही वर, आणि हसला.

[पाण्याचा पृष्ठभाग. आवाज फक्त नदीचा.]

इतक्या लांब येऊन ते चेहरे आम्हाला दिसले नाहीत. परतीच्या वाटेवर होडीत सगळे खुशीत होते.