तळहात आणि मळहात

सन १२३२. उत्तर चीनमधल्या जिन राजवटीची राजधानी, आजचं कायफंग. मंगोल फौजांचा वेढा नुकताच उठलाय. पण लोकांना सुटकेचा श्वास घ्यायला उसंतच मिळत नाही. घरोघरी माणसं तापानं अंथरूण धरतात. शहराला बारा वेशी. प्रत्येक वेशीतून रोज हजार ते दोन हजार प्रेतं बाहेर नेली जात, आणि हे जवळपास तीन महिने चाललं, असं एका वैद्यानं लिहून ठेवलंय.

त्याचं नाव ली दोंगयुआन. जन्म ११८०चा, घर सधन. तरुणपणी आई आजारी पडली. नावाजलेले वैद्य आले, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं, औषध वेगळं. आई गेली. कशानं गेली, ते कुणालाच सांगता आलं नाही. त्यानंतर तो जांग युआनसू यांच्याकडे वैद्यकी शिकायला गेला.

कायफंगचे वैद्य ताप पाहून ठरवत होते, की थंडीवारा बाधलाय. मग घाम काढ, जुलाब दे. लीनं विचारलं, एवढ्या साऱ्या माणसांना एकाच वेळी थंडी बाधली? वेढ्यात ही माणसं वेळी-अवेळी, अर्धपोटी जेवलेली, श्रमानं पिचलेली. वेढा उठल्यावर पोटभर जेवली आणि दुबळ्या पोटाला ते पेललं नाही. अशा माणसाचा घाम काढणं म्हणजे तळ गाठलेली विहीर पुन्हा उपसणं. मला त्याचा हा प्रश्न फार मोठा वाटतो.

शरीरातल्या अशा उणिवेला चिनी वैद्यक ‘शू’ म्हणतं. ची, म्हणजे प्राणशक्ती, उणी, तर चार पावलांत दम लागतो, आवाज बारीक होतो. यांग, म्हणजे शरीराची ऊब, उणं, तर हातपाय गार. यिन, म्हणजे शरीराचा गारवा आणि ओलावा, उणं, तर घसा कोरडा आणि रात्री घाम. रक्त उणं, तर चेहरा फिका. मात्र हे ‘रक्त’ म्हणजे आपल्या तपासणीतलं हिमोग्लोबिन नव्हे.

मग तापातली झीज ओळखायची कशी? ली सांगतो, रोग्याचा हात हातात घ्या. मळहात, म्हणजे हाताची मागची बाजू, तापलेला असेल, तर रोग बाहेरून आलाय. तळहात तापलेला असेल, तर माणूस आतून झिजलाय.

त्याचा काढा आठ औषधींचा: बुजोंग यीची तांग. मुख्य मूळ हुआंगची. सोबत जिनसेंग, बायजू, दांगग्वेइ आणि परतलेलं गानचाओ, म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाचं चिनी भावंड. नुसतं पौष्टिक पोटात साचून बसतं, म्हणून संत्र्याची वाळवलेली साल. आणि खाली ओढली गेलेली ची वर उचलायला थोडं शंगमा, थोडं चायहू. दोन पेले पाणी आटवून एक करायचं, गाळायचं, जेवणापासून अंतर ठेवून कोमट प्यायचं. तापावर गोड आणि उष्ण औषधं! त्या काळी हे धाडसच होतं.

कायफंगची ती साथ प्लेगची होती का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. काढा मात्र टिकला. जपानमध्ये ‘होच्यूएक्कितो’ या नावानं तो सरकारी आरोग्य विम्यातून मिळतो. तरी तो मनानं घेऊ नये. ज्येष्ठमध फार दिवस, फार प्रमाणात पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं.

वेढ्याचा हा अनुभव सांगणारा लीचा ग्रंथ पुढे आला तो १२४७ साली, पंधरा वर्षांनी. दोनच वर्षांत पोट आणि प्लीहेवरचा दुसरा. १२५१ साली अंथरुणाला खिळलेला असताना त्यानं आपली पुस्तकं नीट क्रमानं लावून मेजावर मांडली, शिष्य लुओ तियानयी याला जवळ बोलावलं आणि ती सगळी त्याच्या स्वाधीन केली.